आठशेचं इंजिन : आकडे, निगा आणि भरवसा

प्रस्तावना

हे पुस्तक एकाच इंजिनाबद्दल आहे. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. सुझुकीच्या कागदांवर त्याचं नाव एफ-8-बी असं आहे. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये मात्र ते ‘आठशेचं इंजिन’ म्हणूनच ओळखतात. मारुती 800 मध्ये ते होतं, ओम्नी व्हॅनमध्येही होतं. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं आणि ओम्नीचं 2019 मध्ये. तरी एमएच-29 ची पाटी असलेल्या या गाड्या यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी, उमरखेड इथल्या रस्त्यांवर अजून दिसतात. कुणाच्या वडिलांनी पैसे साठवून घेतलेली, कुणी चौथ्या मालकाकडून घेतलेली, कुठे शाळेची मुलं ने-आण करणारी, कुठे शेतावर डबा आणि खताची पोती नेणारी.

ज्या इंजिनाचं उत्पादन बंद झालं, त्यावर पुस्तक कशासाठी, असं मला लिहिताना अनेकांनी विचारलं. पहिलं कारण साधं आहे. गाड्या चालू आहेत, तोवर त्या चालवणाऱ्यांना आणि दुरुस्त करणाऱ्यांना माहिती हवी, आणि ती मराठीत हवी. दुसरं कारण शिकणाऱ्या मुलांचं आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला पेट्रोल इंजिन शिकायचं असेल, तर याहून चांगली पाटी मिळणार नाही. बॉनेट उघडलं की प्लग, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, रेडिएटर सगळं डोळ्यांसमोर असतं. बोटानं दाखवता येतं, साध्या पान्यांनी उघडता येतं, पुन्हा बसवून सुरूही करता येतं.

तिसरं कारण या पुस्तकाचा गाभा आहे. गाडीच्या माहितीपत्रकावर आकडे छापलेले असतात: बोअर, स्ट्रोक, कॉम्प्रेशन रेशो, टॉर्क. गाडी घेताना आपण ते वाचतो, शेजारच्या गाडीशी ताडून पाहतो आणि विसरून जातो. देखभाल म्हणजे काहीतरी वेगळं, ते मिस्त्रीचं काम, अशी आपली समजूत असते. इतक्या वर्षांच्या कामातून मला उमगलं ते असं, की निगा कशी राखायची हे त्या आकड्यांतच लिहिलेलं असतं. प्रत्येक आकडा इंजिन घडवणाऱ्यानं आपल्याला घातलेली एकेक अट आहे. अट पाळली की इंजिन साथ देतं. आकडा वाचायला शिकवणं, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

इंजिन आपल्याकडे आलं कसं

थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. 1980 च्या आधी आपल्या रस्त्यांवर मोटारी म्हटल्या की अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडातली ‘फियाट’. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, अँबेसेडरचं त्याहून मोठं. दोन्ही दणकट, पण सतत हात मागणाऱ्या. फेब्रुवारी 1981 मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली, 1982 मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. 1986 मध्ये गाडीचं अंग बदललं. 2000 च्या सुमाराला कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आली. पण तीन सिलिंडरचा तो मूळ गाभा शेवटपर्यंत टिकला.

जवळपास साडेसहाशे किलोची गाडी, पुढची चाकं ओढणारी, आडवं बसवलेलं इंजिन, 28 लिटरची टाकी. सकाळी चावी फिरवली की सुरू होणं, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. ‘धक्का मारायला चला’ हे वाक्य घराघरांतून हळूहळू कमी झालं, त्यात या इंजिनाचा वाटा मोठा आहे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, कापसाचे व्यापारी यांच्याकडे ती आधी आली. मग जुनी झाली तशी शिक्षकांकडे, दुकानदारांकडे, शेतकऱ्यांकडे गेली. प्रत्येक मालकाबरोबर ती एकेक पायरी खेड्याकडे सरकली आणि प्रत्येक पायरीवर तिची दुरुस्ती करणारा एकेक मिस्त्री तयार होत गेला. आज तालुक्याच्या गावातल्या गॅरेजमध्ये जे जाणते हात आहेत, त्यांतले बरेचसे याच इंजिनावर बसले आहेत.

आकडा वाचायचा कसा

बोअर 68.5 मिलिमीटर, स्ट्रोक 72 मिलिमीटर. म्हणजे सिलिंडरच्या रुंदीपेक्षा पिस्टनची ये-जा थोडी जास्त. एका सिलिंडरची जागा निघते सुमारे 265 सीसी. तिनाने गुणलं की 796. हा हिशेब विद्यार्थ्यानं स्वतः करून पाहावा, म्हणजे ‘सीसी’ हा शब्द हवेत तरंगत नाही. चहाच्या दोन-तीन कपांत मावेल एवढीच ती जागा, आणि त्या जागेत जे घडतं त्यावर घरातली पाच माणसं नागपूरला जाऊन येतात.

एमपीएफआय इंजिनाची ताकद मिनिटाला 5000 फेऱ्यांना सुमारे 37 बीएचपी, आणि टॉर्क 2500 फेऱ्यांना 59 न्यूटन मीटर. यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा. सगळ्यात जास्त जोर 2500 फेऱ्यांनाच मिळतो, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये साधारण पन्नास-साठच्या वेगाला. या वेगाला हे इंजिन सुखात असतं. पुसदच्या भोवतीचे डोंगर चढताना वरच्या गिअरमध्ये इंजिनाला गुदमरवू नये, एक गिअर उतरवून फेऱ्या या आकड्याच्या आसपास आणाव्यात. इंजिन घरघरू लागलं, की जोर मिळत नाही आणि बेअरिंगला मार बसतो. नव्या चालकाला हे सांगायला वर्कशॉप लागत नाही, टॉर्कचा आकडा समजावून दिला की पुरतं.

याच आकड्यांतून इंजिनाच्या दीर्घायुष्याचं एक गमकही कळतं. जवळपास 800 सीसीतून 37 बीएचपी, म्हणजे लिटरमागे 46 च्या आसपास. पुढे अल्टोमध्ये याच बोअरच्या आणि याच स्ट्रोकच्या इंजिनाला सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह देऊन सुझुकीनं सुमारे 47 बीएचपी काढली. म्हणजे आठशेच्या इंजिनाकडून जेवढं काढता आलं असतं, तेवढं काढलेलं नाही. सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह, वर एकच कॅमशाफ्ट, दात्यांच्या रबरी पट्ट्यानं फिरणारा. प्रत्येक भाग आपल्या मर्यादेच्या बराच आत काम करतो. बैलाला झेपेल त्याहून कमी ओझं घातलं की तो वर्षानुवर्षं चालतो, तसंच हे.

तीन सिलिंडरचीही एक खूण आहे. स्फोटांचा क्रम 1-3-2, आणि क्रँकच्या दर 240 अंशांना एक स्फोट. चार सिलिंडरच्या इंजिनाइतकं ते शांतपणे फिरत नाही. उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवणारच. ती दोष नव्हे. ती थरथर अंगावर घेण्यासाठी रबरी माउंटिंग असतात. जुन्या गाडीची थरथर अचानक वाढली, की लोक कार्ब्युरेटर खोलायला सांगतात. आधी माउंटिंग पाहावं, मग प्लग, मग बाकीचं. स्वस्त आणि बाहेरचं आधी, महाग आणि आतलं शेवटी: हा नियम या पुस्तकात जागोजागी भेटेल.

2500 फेऱ्यांनी तासभर गाडी चालली, की क्रँक दीड लाख वेळा फिरतो आणि तिन्ही सिलिंडरांत मिळून सव्वादोन लाख स्फोट होतात. या प्रत्येक फेरीत धातू आणि धातू यांच्यामध्ये असतो तो तेलाचा केसाहून पातळ थर. सगळं मिळून तेल किती? तीन लिटरच्या आत. एवढ्याशा तेलावर इंजिनाचं आयुष्य आहे हे ज्याच्या मनात बसलं, त्याला तेल वेळेवर बदलायला सांगावं लागत नाही. मी स्वतः पाच हजार किलोमीटरचा हिशेब धरतो. गाडी फक्त गावातल्या गावात, दोन-दोन किलोमीटर फिरत असेल तर त्याही आधी, कारण अशा फेऱ्यांत तेल पुरेसं तापत नाही आणि त्यात मिसळलेलं पाणी व पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही.

आपल्या जिल्ह्याची हवा, पाणी आणि धूळ

गाडीसोबत मिळणारं पुस्तक सगळ्या देशासाठी एकच असतं. यवतमाळ जिल्ह्याची परीक्षा वेगळी आहे, आणि त्यासाठीच या पुस्तकाची तीन प्रकरणं खर्ची घातली आहेत.

पहिली गोष्ट धुळीची. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे अकरा किलो हवा लागते. हवेचं वजन लक्षात घेतलं तर ती नऊ हजार लिटरहून अधिक भरते. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या प्रवासात हे इंजिन सत्तर हजार लिटरच्या घरात हवा ओढतं. ही हवा आपल्या उन्हाळ्यातली, काळ्या मातीची बारीक पूड घेऊन आलेली. वणीकडे कोळशाच्या खाणींचे ट्रक धावतात, तिथे हीच पूड काळी आणि आणखी बारीक. मध्ये उभा असतो तो घडी घातलेल्या कागदाचा एअर फिल्टर. तो फाटका असेल किंवा त्याचं झाकण नीट बसलेलं नसेल, तर ही पूड सरळ सिलिंडरमध्ये जाते, तेलात मिसळते आणि रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. मग गाडी ‘ऑईल खायला’ लागते, निळा धूर येतो, कॉम्प्रेशन उतरतं. हजारो रुपयांच्या बोअर-पिस्टनच्या कामाची सुरुवात अनेकदा काही रुपये वाचवलेल्या फिल्टरपासून झालेली असते. पुस्तकात दिलेलं बदलण्याचं अंतर चांगल्या रस्त्यासाठी आहे. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी ते निम्मं धरावं.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेपैकी चाकांपर्यंत पोचतो तो पाव हिस्सा, फार तर थोडा जास्त. उरलेली सायलेन्सरवाटे आणि पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. बाहेरची हवाच तापलेली असेल, तर रेडिएटरला ही उष्णता टाकायला जागा कमी मिळते. अशा वेळी रेडिएटरची सगळी पाती मोकळी हवीत. कापसाचा हंगाम सुरू झाला, की जिनिंगकडे जाणाऱ्या भरगच्च गाड्यांतून कापूस उडत असतो. त्याचे तंतू समोरून येऊन पात्यांत बसतात, त्यावर धूळ आणि किडे चिकटतात आणि पाहता पाहता नमदा तयार होतो. हिवाळ्यात तो कळत नाही, उन्हाळ्यात त्रास देतो. म्हणून होळीच्या आत एकदा मागच्या बाजूनं, पंख्याकडून पुढे, हलक्या पाण्यानं रेडिएटर धुवावा. जोराच्या धारेनं पाती वाकतात.

तिसरी गोष्ट पाण्याची. जिल्ह्याच्या पूर्व भागात, पांढरकवडा आणि झरी-जामणीकडे, बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांच्या हाडा-दातांचे किती हाल केले, हे आपण जाणतो. इंजिनाचे हाल करतो तो पाण्यातला क्षार. घरातल्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलिंडरांवर बसणाऱ्या हेडच्या पाण्याच्या वाटांत धरतो. थर धातूपेक्षा उष्णता फार कमी वाहू देतो, म्हणून पाणी असूनही इंजिन तापतं. रेडिएटरमध्ये शुद्ध केलेलं पाणी आणि कुलंटच घालावं. अडचणीच्या वेळी हापशीचं पाणी घालावं लागलं, तर घरी आल्यावर ते काढून टाकावं.

याच संदर्भात एका चुकीच्या रीतीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. थर्मोस्टॅट हा पाण्याचा दरवाजा. पाणी 82 अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो बंद असतो, मग उघडतो. तो काढला की हिवाळ्यातल्या सकाळी इंजिन कितीतरी वेळ थंडच राहतं, पेट्रोल जास्त लागतं, न जळलेलं पेट्रोल भिंतींवरचं तेल धुऊन काढतं आणि झीज वाढते. एमपीएफआय गाडीत तर संगणकाला इंजिन अजून थंड आहे असंच वाटत राहतं आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. गाडी तापत असेल तर कारण शोधावं: रेडिएटरचं झाकण दाब धरतं का, पंखा वेळेवर सुरू होतो का, पट्टा सैल आहे का, नळ्या तुंबल्या का. दरवाजा उपटून काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

माझ्याकडून झालेली एक चूक

या गोष्टी मी पुस्तकातून शिकलो नाही. ऐन मे महिन्यात, दुपारी, आम्ही करंजीहून पांढरकवड्याकडे निघालो होतो. भाचा शेजारी बसला होता. तो म्हणाला, “मामा, काटा वर जाऊन राहिला.” मी म्हणालो, “पांढरकवडा जवळच आहे, तिथं पाहू.” थोड्या वेळानं काटा आपोआप खाली आला. “पाय, उतरला की नाही,” मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही निर्धास्त झालो.

काटा उतरला होता, कारण सेन्सरपाशी पाणीच उरलं नव्हतं. काटा पाण्याचं तापमान सांगतो. पाणी संपलं की तो तापलेल्या धातूबद्दल काही सांगू शकत नाही. आणखी थोडं अंतर गेल्यावर इंजिनाचा जोर गेला आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. बॉनेट उघडलं तेव्हा रेडिएटरचा वरचा होज फाटलेला दिसला. होज जुना झाला होता, दाबला की कडक लागत होता, हे मला आधीच माहीत होतं. बदलायचा राहिला होता, इतकंच.

हेड उतरवलं त्या दिवशी मी मिस्त्रींच्या शेजारी उभा होतो. त्यांनी हेडचा सपाट तळ पुसून स्वच्छ केला, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पोलादी पट्टी आडवी धरली आणि फीलर गेजमधलं पाच शतांश मिलिमीटरचं पातं पट्टीखाली सरकवलं. कडेला ते अडलं. मधोमध, दोन सिलिंडरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेपाशी, ते सहज आत गेलं. त्यांनी दहा शतांशाचं पातं घेतलं, तेही गेलं. मग काही न बोलता त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि मलाच पाहायला लावलं. ॲल्युमिनियमचं हेड उष्णतेनं वाकलं होतं, डोळ्याला दिसणार नाही एवढंच, पण गॅसकेटला धरता येणार नाही एवढं. हेड फेसिंगला गेलं, नवं गॅसकेट पडलं, आठवडाभर गाडी उभी राहिली. एका होजमुळे आणि माझ्या “तिथं पाहू” मुळे.

त्या दिवसापासून प्रवासाला निघण्याआधी मी होज दाबून पाहतो, आणि काटा वर गेला तर जागच्या जागी गाडी थांबवतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नये, हेही याच ठिकाणी सांगून ठेवतो. दाबाखालची वाफ अंगावर येते आणि भाजण्याच्या जखमा फार वाईट असतात.

निगा म्हणजे रोजची ओळख

पुस्तकाचा मोठा भाग देखभालीच्या कामांचा आहे. ती कामं मी ‘मालकानं करायची’ आणि ‘मिस्त्रीकडून करून घ्यायची’ अशी वेगळी मांडली आहेत. मालकाच्या वाट्याला येणारं काम फार थोडं आहे. आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, ऑईलची पट्टी ओढून पुसायची, पुन्हा घालून पाहायची. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. वरच्या खुणेच्याही वर असेल तर ते चांगलं नाही, खालच्या खुणेखाली असेल तर गाडी हलवू नये. ऑईलचं झाकण उलटून पाहायचं: आतून दुधाच्या सायीसारखा थर दिसला, तर तेलात पाणी जातं आहे का ते तपासून घ्यावं. मागे जाऊन धूर पाहायचा. निळा म्हणजे तेल जळतं, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, आणि गाडी तापल्यावरही दाट पांढरा येत राहिला तर पाणी. हे पाहायला पाच मिनिटं पुरतात.

मिस्त्रीच्या कामांपैकी टॅपेट सेटिंगवर मी सविस्तर लिहिलं आहे, कारण ते आता विस्मरणात चाललं आहे. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये थंड इंजिनात मिलिमीटरच्या दशांशाहून किंचित जास्त फट ठेवायची असते. फट जास्त झाली की टकटक ऐकू येते. लोक तिला घाबरतात. खरं तर फट कमी होणं जास्त धोक्याचं, कारण त्यात आवाज येत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, बसल्याशिवाय त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि तो हळूहळू जळतो. फीलर गेजचं पातं फटीत सरकवताना हाताला जो किंचित अडसर जाणवतो, वहीच्या पानांत दाबून ठेवलेला कागद ओढताना जाणवतो तेवढा, तो हातात बसायला दिवस लागतात. तो शब्दांत सांगण्याचा मी प्रयत्न केला आहे, पण वाचकानं तो कुणा जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिकावा.

प्लगची फट (कार्ब्युरेटरच्या गाडीत 0.7 ते 0.8 मिलिमीटर), उभ्या गाडीतल्या फेऱ्या (साडेआठशे-नऊशे), टायमिंग बेल्टचं वय, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली पावसाळी ओल, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकणारा कचरा यांवर स्वतंत्र टिपणं आहेत. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज कुठला ते ओळखायची जुनी रीतही दिली आहे. स्कॅनर आले तरी ती निरुपयोगी झालेली नाही.

इंधनाचं प्रकरण नव्यानं लिहावं लागलं. 2025 पासून आपल्याला मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी, म्हणून लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. जुन्या कार्ब्युरेटरला मिश्रण बदललं आहे हे कळत नाही. ते पातळ पडतं. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम फुगतात किंवा तडकतात. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये. आपल्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या किती वर्षांच्या आहेत, हे प्रत्येक मालकानं एकदा तरी पाहावं. पेट्रोल गळून आग लागण्याचा धोका खरा आहे.

भरवसा कशाला म्हणायचा

इंजिनाच्या भरवशाबद्दल बोलताना मला नेहमी आपली शकुंतला आठवते. यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात घातलेला. त्यावरचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं होतं आणि 1994 पर्यंत त्याच मार्गावर धावत राहिलं. सत्तर वर्षं ते चाललं, कारण त्यातला प्रत्येक भाग उघडता येत होता, आणि तो उघडून, घासून, तेल घालून पुन्हा बसवणारी माणसं मूर्तिजापूरच्या शेडमध्ये होती. आठशेचं इंजिन त्याच कुळातलं आहे. त्याचा भरवसा निम्मा सुझुकीच्या आराखड्यात आहे आणि निम्मा आपल्या तालुक्याच्या गॅरेजांत.

उमरखेडच्या माणसाला रात्री पेशंट घेऊन नांदेडला निघावं लागतं. वणीच्या माणसाला पहाटे नागपूरची वेळ गाठायची असते. अशा वेळी गाडीचा सर्वाधिक वेग कुणी विचारत नाही. चावी फिरवली की सुरू होईल का, वाटेत थांबणार नाही ना, आणि थांबलीच तर रस्त्यावरच्या पहिल्या गावात दुरुस्त होईल का, हेच तीन प्रश्न असतात. हे इंजिन ज्या कारणांनी रस्त्यात थांबतं, ती बहुतेक इंजिनाच्या बाहेरची आणि स्वस्त असतात: फाटका होज, सैल पट्टा, मळलेला प्लग, गंजलेलं बॅटरीचं टोक, दाब न धरणारं झाकण. ही यादी आधीच तपासून निघालेली गाडी क्वचितच दगा देते. पुस्तकाच्या शेवटी ती एका पानावर छापली आहे; ते पान कापून गाडीच्या खणात ठेवावं, अशी विनंती आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही गाडी आजच्या मापानं सुरक्षित नाही; एअरबॅग नाहीत, पत्रा हलका आहे. पंधरा वर्षांनंतर तिची नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते, आणि धुराची चाचणी नियमाप्रमाणे द्यावी लागते. हे पुस्तक वाचून कुणी या गाडीला महामार्गावर शर्यतीत उतरवू नये. ब्रेक आणि टायर यांच्या निगेला इंजिनाइतकंच महत्त्व आहे, म्हणून विषय इंजिनाचा असला तरी त्यावरही एक प्रकरण जोडलं आहे.

हे पुस्तक कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलची जागा घेणार नाही. बोल्ट किती जोरानं आवळायचा, बेअरिंगची झीज किती चालते, असे नेमके आकडे लागतील तेव्हा मॅन्युअलच प्रमाण मानावं. माझं काम त्या मॅन्युअलच्या दारापर्यंत वाचकाला आणून सोडण्याचं आहे. आकडा दिसला की ‘हा इथे का आहे’ हा प्रश्न त्याला पडावा, एवढ्याचसाठी.

ज्यांच्याकडून हे शिकलो, त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. त्यांचं ज्ञान त्यांच्या बोटांत होतं, कानांत होतं, तेलकट वहीच्या मागच्या पानावरच्या चार आकड्यांत होतं. त्यांतले काही आता नाहीत. त्यांनी शिकवलेलं त्यांच्याबरोबर जाऊ नये, म्हणून हे कागदावर आणलं. आयटीआयमधल्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं हे पान मिटून, हेडवर पट्टी ठेवून, पाच शतांशाचं पातं स्वतःच्या हातानं सरकवून पाहिलं, तर त्यांचं ऋण थोडं तरी फिटेल.

यवतमाळ